दमलेल्या सेलवरची मंगलाष्टकं

इथल्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी सांगितलं, दत्ताभाऊ, यंदा तुम्ही लिहा. मी म्हटलं, कोण, मी? माझं लिहिणं सहीपाशी सुरू होतं नि सहीपाशीच संपतं. तीसुद्धा बँकेतले लोक दोनदा करायला लावतात. शेवटी असं ठरलं की मी बोलायचं आणि माझ्या सुनेनं उतरवून घ्यायचं. सून कलकत्त्यातच जन्मलेली, मराठी वाचते ती अक्षराखाली बोट धरून. म्हणजे सांगणारा चौथी नापास आणि लिहिणारी अशी. तेव्हा काही चुकलं तर आम्हा दोघांपैकी कुणालाही धरा, आम्ही एकमेकांकडे बोट दाखवू.

मी साउंड इंजिनीअर होतो. हसू नका, पाटीवर तसं लिहिलेलं होतं. एस्प्लनेडच्या मागच्या एका गल्लीत बिमलदांचं दुकान होतं. माईक, ॲम्प्लिफायर, भोंगे, टेपरेकॉर्डर, सोळा एमएमचा प्रोजेक्टर, सगळं भाड्यानं मिळायचं. पाटी रंगवणाऱ्याला बिमलदा म्हणाले, 'ऑडिओ-व्हिज्युअल इंजिनीअर्स' लिही. मी विचारलं, दादा, इंजिनीअर कोण? तर म्हणाले, तू. मेकॅनिक म्हटलं की गिऱ्हाईक बसायला स्टूल देतं, इंजिनीअर म्हटलं की खुर्ची. एवढ्याशा शिक्षणावर मी इंजिनीअर झालो.

त्याआधी मी काय करत होतो? मामा इथल्या एका मराठी खानावळीत आचारी होते. बदली होऊन आलेले बँकेतले, टपाल खात्यातले एकटे साहेब लोक तिथे जेवायचे. शाळेनं मला सोडल्यावर मामांनी मला वाढपी म्हणून आणलं. मी एका ऑडिटरच्या फायलीवर आमटी सांडली, ती नेमकी त्याला नको असलेल्या पानावर सांडली असावी, कारण तो रागावला नाही, पण मामा रागावले. मग मला डबे पोचवायच्या कामावर लावलं. त्यातला एक डबा बिमलदांच्या शेजारच्या दुकानात जायचा. डबा देऊन मी बिमलदांच्या दारात उभा राहायचो आणि ते भोंगे उघडत ते बघायचो. एकदा म्हणाले, बघतोस काय, पेचकस दे. दिला. पुढे पंचवीस वर्षं देत राहिलो.

नाव विचारलं तेव्हा मी सांगितलं, दत्ता. ते म्हणाले, हे झालं आडनाव, नाव काय? कारण बंगाल्यांत दत्त हे आडनाव. मी म्हटलं, नावच दत्ता, आडनाव शेलार. त्यांनी दोन्ही उलटंपालटं करून मला शेलार दत्त करून टाकलं. पाड्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, पूजेच्या वर्गणीची पावतीसुद्धा त्याच नावावर यायची. देवीच्या दरबारात माझी नोंद बंगाली म्हणूनच असणार.

आता काम काय असतं ते सांगतो. माणूस बोलतो ते मागच्या रांगेतल्याला ऐकू गेलं पाहिजे, बस. माईक म्हणजे कान, ॲम्प्लिफायर म्हणजे छाती, भोंगा म्हणजे तोंड. तिन्ही नीट जोडले की लोक वक्त्याला टाळ्या देतात. जरा चुकलं, भोंग्याचं तोंड माईककडे वळलं, की अशी किंकाळी निघते की आख्खी सभा वळून इंजिनीअरकडे बघते. आमच्याकडे लोक बघतात ते तेवढ्याचपुरतं. माझ्याकडे पुष्कळ बघितलेलं आहे.

प्रोजेक्टरचंही तेच. कोंबड्या पाळण्याचा एक सरकारी माहितीपट दाखवायला मी एकदा बारासातकडे गेलो होतो. मशीनला उलट फिरवायचं एक बटण असतं, ते माझ्या कोपरानं दाबलं गेलं. पडद्यावर पिल्लू मागे मागे चालत आलं, अंड्यात शिरलं आणि कवच वरून आपोआप बंद झालं. मग अंडं कोंबडीत गेलं. बोलणाऱ्या साहेबांची पाठ पडद्याकडे, ते आपले सांगतायत, अशा रीतीनं उत्पादन वाढतं. पुढच्या वर्षी गावकऱ्यांनी पत्र पाठवलं की तोच सिनेमा पाठवा, आणि तोच माणूस.

असो. मला सांगायची आहे ती नलूच्या लग्नाची गोष्ट.

नलू म्हणजे बापटसाहेबांची मुलगी. बापट मूळचे कलकत्त्याचेच, दोन पिढ्यांचे. साहेब बँकेत, त्यामुळे आज पाटणा, उद्या कानपूर. नलूची आई ती लहान असतानाच गेली. मग साहेबांच्या थोरल्या बहिणीनं, आत्यांनी, तिला डमडमला आपल्याजवळ ठेवून वाढवलं. आत्या तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. सगळा पाडा त्यांना दिदिमोनी म्हणायचा, म्हणजे बाई. उंच, सरळ, आवाज असा की माईकची गरज नाही. मंडळाच्या गणपतीत त्या आरतीला उभ्या राहिल्या की मी ॲम्प्लिफायर बंद करायचो, उगाच वीज कशाला घालवा. मला त्या 'इंजिनीअर' म्हणायच्या. तो शब्द त्या कशा म्हणायच्या ते लिहून दाखवता येत नाही. सून म्हणते, अवतरणचिन्ह टाकते. टाक.

नलूचं लग्न ठरलं पुण्याच्या मुलाशी. हॉल बालीगंजला, मुहूर्त गोरज. आणि लग्नाच्या तोंडावर आत्या जिन्यात पडल्या. मांडीचं हाड मोडलं, कमरेपासून खाली प्लॅस्टर. उठून बसायची चोरी, बालीगंजला येणं कुठलं.

नलू म्हणाली, लग्न पुढे ढकला. आत्या म्हणाल्या, ढकललंस तर याद राख. भावाच्या घरात या दोघींपुढे कुणाचं चालत नसे, त्यामुळे त्यांची आपापसातच जुंपली. शेवटी तह झाला. आत्यांनी नलूसाठी मंगलाष्टकं रचली होती, स्वतः, वृत्तात बसवून. ती त्यांच्याच आवाजात टेपवर घ्यायची आणि मुहूर्तावर हॉलमध्ये लावायची. नलूनं कबूल केलं, पण अट घातली. आत्याची मंगलाष्टकं पूर्ण झाल्याशिवाय मी हार घालणार नाही. सगळे हो म्हणाले, कारण त्यात अवघड काय? मंडळाचा दत्ता आहे की, इंजिनीअर.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी दुपारी मशीन घेऊन डमडमला निघालो. तेव्हा आमच्याकडे एक नवीन आलं होतं, सेलवर चालणारं, खांद्याला अडकवायचं टेपरेकॉर्डर. मोठे सहा सेल लागायचे. ते मुद्दाम घेतलं, कारण त्या वर्षांत कलकत्त्याची वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. बिमलदांनी नवे सेल वेगळे बांधून दिले आणि सांगितलं, रेकॉर्डिंगच्या आधी बदल.

सियालदहाला गाडीत बसलो. समोर एक बाई, तिच्या मांडीवर पोर, शेजारी पेरूवाला. खांद्याला असं मशीन असताना माणसानं गप्प कसं बसायचं? मी पेरूवाल्याची आरोळी टेप केली आणि त्याला ऐकवली. त्यानं डोक्याला हात लावला, म्हणाला, माझा आवाज इतका घाणेरडा आहे? मग पोराचं रडणं ऐकवलं. पोर रडायचं थांबलं, मशीन रडत राहिलं. मग सगळा डबाच जमला. कुणी गाणं म्हणालं, कुणी सासूची नक्कल केली. डमडम आलं तेव्हा मी हिरो होतो आणि सेल अर्धे झाले होते, पण हिरोच्या ते लक्षात कुठलं यायला?

आत्यांच्या घरी वीज गेलेली होतीच. त्या उशांवर मान उंच करून तयारच होत्या. मी त्यांच्याकडून चार वेळा टेस्टिंग करून घेतलं. खरं तर एकदा पुरतं. पण आत्यांसारखी बाई आपण म्हणू तेव्हा गाते आणि आपण म्हणू तेव्हा थांबते, ही संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. मग खरं रेकॉर्डिंग केलं. आत्या गायल्या त्या काय गायल्या. शेवटचं कडवं असं होतं:

गंगेच्या तटि वाढली नलु गुणी, आली वधू मंडपी,
आत्याचे मन धावते तुजकडे, कुर्यात् सदा मंगलम्.

त्यांची कामवाली मालतीमाशी, म्हणजे आपल्याकडची मावशी, दाराशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. तिला मराठीतलं एक अक्षर येत नव्हतं. मी तिथल्या तिथे टेप लावून ऐकवली. छान वाजली. आत्या म्हणाल्या, किंचित जाड वाटतोय आवाज. मी म्हटलं, आत्या, मशीनमध्ये थोडा भारदस्त येतोच. हे उत्तर मी कुठून काढलं ते माझं मला माहीत नाही. मग निघताना बिमलदांची आठवण झाली. जुने सहा सेल काढून आत्यांच्या खिडकीत ठेवले, नवे घातले, आणि शहाण्यासारखा घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलवर भोंगे लावले, माईक मशीनपुढे ठेवला आणि चाचणी म्हणून आत्यांची टेप लावली. भोंग्यातून एक बारकी मुलगी गायला लागली. पहिल्या कडव्यात ती दहा वर्षांची होती. पुढे पुढे तिचं वय कमी होत गेलं, आणि शेवटच्या कडव्यात तर चिमणीनं चोचीत शिट्टी धरून मंगलाष्टक म्हणावं तसं झालं. आख्ख्या गल्लीनं ऐकलं. नवऱ्या मुलाची आई कौतुकानं म्हणाली, कुणाची हो ही छोटी? गोड म्हणते.

काय झालं होतं ते सांगतो, समजायला सोपं आहे. टेप म्हणजे पळणारी पट्टी. सेल दमलेले असले की मोटर दमते, पट्टी हळू पळते. हळू पळणाऱ्या पट्टीवर तुम्ही गायलात आणि मग ताज्या सेलवर ती जोरात पळवलीत, की तुमचं गाणं आखडतं, आवाज बारीक होतो. आदल्या दिवशी दमलेल्या सेलवर घेतलं आणि दमलेल्याच सेलवर ऐकलं, म्हणून बरोबर वाटलं. गाता गाता सेल आणखी दमत गेले, म्हणून चिमणी. दुकानातलं विजेवरचं मोठं मशीनही हॉलवर होतं, पण ते आपल्या एकाच चालीनं चालणार, त्याला कुणासाठी हळू होता येत नाही.

नलू हळदीच्या अंगानं बाहेर आली. आधी ती हसली, अगदी पोट धरून. मग तिचं हसू थांबलं.

"दत्तादादा, ही माझी आत्या नाही."

मी म्हटलं, नाही.

"मग माझी आत्या आणा."

बापटसाहेब मागे उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि फक्त एवढंच म्हणाले, "गोरज मुहूर्त आहे. गाई तुमच्यासाठी थांबायच्या नाहीत."

मी मशीन खांद्याला मारलं, आणखी नवे सेल घेतले आणि डमडमची गाडी पकडली. बेत साधा होता. आत्यांना पुन्हा गायला लावायचं, या वेळी ताज्या सेलवर. गाडीत आदल्या दिवशीचा पेरूवाला भेटला, म्हणाला, दादा, आज ऐकवणार नाही? मी मशीन बाकाखाली सरकवलं.

आत्यांच्या खोलीत गेलो, सगळं सांगितलं. आत्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. चार वेळा टेस्टिंग आणि पाचव्यांदा खरं, त्यात त्यांचा घसा पार बसला होता. नुसती हवा. त्या हवेत त्यांनी मला झाडलं. कुजबुजत झाडणं तुम्ही कधी खाल्लंय का? नीट ऐकू येत नाही म्हणून मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागत होता. स्वतःच्या शिव्या ऐकायला मी वाकून उभा होतो, आणि एखादी निसटली तर त्या खूण करून पुन्हा सांगत होत्या.

झाडून झालं. मालतीमाशीनं दोघांपुढे चहा ठेवला. मग आत्यांनी बोटानं मला पुन्हा वाकायला सांगितलं.

"काल इथे बरोबर वाजलं होतं ना?"

"हो."

"मग कालच्याच सेलवर लाव की, इंजिनीअर."

इतकं सोपं, आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सेलचं असं असतं, दमलेला सेल एक रात्र नुसता पडून राहिला की त्याच्यात पुन्हा थोडा जीव येतो, आणि चालवला की कालच्याचसारखा पुन्हा दमत जातो. म्हणजे आत्या जशा जशा गायल्या तशी तशी मोटर हळू होत जाईल. जमलं तर आवाज बरोबर बसेल. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि सुचणं यात फरक असतो, आणि माझ्या बाबतीत तो बराच मोठा आहे.

मी खिडकीकडे वळलो. सेल नव्हते.

मालतीमाशीनं आनंदानं सांगितलं, सकाळीच उन्हात ठेवून गरम केले आणि भावाच्या चहाच्या टपरीवर देऊन आले. आज फुटबॉलची मोठी मॅच आहे ना. त्याच्या रेडिओचे सेल संपले होते.

जोडे न घालताच पळालो. टपरीवर पन्नासेक माणसं एका रेडिओभोवती डोकी घालून बसली होती. कलकत्त्यात मोठी मॅच म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. घरात कुणी आजारी असलं की जशी माणसं बसतात तशी ती बसली होती. त्यांची टीम एका गोलनं मागे होती. सेल दमलेले, त्यामुळे कॉमेंट्री विहिरीतून आल्यासारखी.

मी पुढे घुसलो, हातातले कोरे सेल दाखवले आणि म्हटलं, हे नवे घ्या, ते जुने मला द्या. कुणी मान वर केली नाही. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा छत्री मांडीवर आडवी ठेवून बसलेले एक म्हातारे आजोबा म्हणाले, हाफटाइमच्या आत रेडिओला जो हात लावेल त्याचा हात इथेच राहील. ते शांतपणे म्हणाले, म्हणून मी जास्त घाबरलो. एकानं मला बसायला जागा दिली आणि हळूच विचारलं, मोशाय, घरी तुमच्याबरोबर कुणी असतं का? नवे देऊन जुने मागणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

मी बसलो. ती मॅच मी जितकी मन लावून ऐकली तितकी दुसरी कुठलीच नाही, आणि मला एका गोष्टीतच रस होता, ती थांबते कधी. डोळ्यांपुढे मैदानाऐवजी ते सहा सेल दिसत होते. रेडिओ त्यांना थेंब थेंब पीत होता.

हाफटाइम झाला. मी झडप घातली, सहाही बदलले. नवे सेल पडताच रेडिओ असा गरजला की टपरीवरचे पेले वाजले. मी जुने सहा सदऱ्याच्या खिशांत कोंबून आत्यांच्या दाराशी जाऊन मशीन आणि जोडे घेतले आणि स्टेशनकडे निघालो. टपरीपुढून जातो तोच मागून एकच आरडाओरडा. त्यांच्या टीमनं गोल फेडला होता. मला वाटलं, सुटलो. कुठला सुटतो. चार जणांनी येऊन मला धरलं. म्हणाले, तुम्ही आलात, सेल घातलेत, गोल झाला. तुम्ही पोयमोंतो माणूस आहात, म्हणजे आपल्याकडे चांगल्या पायगुणाचा. मॅच संपेपर्यंत तुम्हाला हलता येणार नाही.

जन्मात पहिल्यांदा कुणाला माझा पायगुण चांगला वाटला, तोही त्याच दिवशी. मी हात जोडले, लग्न आहे म्हणालो. कुणाचं विचारलं तर घाईत नुसता आत्यांच्या खिडकीकडे हात करत राहिलो. शेवटी मालतीमाशी रस्त्यावर आली, कमरेवर हात ठेवून. तिनं बंगालीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा की दिदिमोनीच्या नलूचं लग्न अडलंय या वेड्याच्या खिशामुळे, आणि तुम्ही गोल मोजताय.

दिदिमोनी म्हटल्याबरोबर सगळे उठून उभे राहिले. निम्म्यांच्या बहिणी त्यांच्या हाताखाली शिकल्या होत्या, उरलेल्यांच्या बायका. छत्रीवाल्या आजोबांनी गर्दीतल्या एकाला छत्रीच्या टोकानं टोचलं. तो टॅक्सीवाला होता. त्यानं एकदा रेडिओकडे बघितलं, एकदा खिडकीकडे, आणि मरणाला निघाल्यासारखा गाडीकडे गेला.

देवमाणूस. पण मॅच त्याच्या जीवातून जाईना. वाटेत जिथे जिथे रेडिओ दिसेल, पानवाला, न्हावी, मिठाईचं दुकान, तिथे गाडी हळू करायचा आणि डोकं बाहेर काढून विचारायचा, कोतो? किती झाले? मी मागे सूर्याकडे बघत होतो. श्यामबाजारला बरोबरीत. मौलालीला बरोबरीत. चौरंगीवर मेट्रोसाठी खणून ठेवलेलं, म्हणून पार्क सर्कसकडून वळलो, तिथे एका पानाच्या दुकानापुढे माणसं नाचताना दिसली. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले. मी डोळे मिटले. त्यांच्या टीमनं मॅच जिंकली होती.

हॉलच्या दारात पोचलो, तर आत सगळं तयार. अंतरपाट धरलेला, मुलगा पाटावर, नलू पाटावर, हातात हार, मान खाली. भटजींची मंगलाष्टकं संपत आली होती आणि ते एकेक शब्द लांबवत होते. बापटसाहेबांनी मला बघितलं, पण रागावले नाहीत. त्यांनी फक्त लोकांना हातानं बाजूला केलं.

मी सेल बदलले. घाईत एक उलटा घातला, पुन्हा काढला. विजेवरचं मोठं मशीन लग्न टेप करायला आधीच चालू होतं. माईक लहान मशीनपुढे ठेवला, बटण दाबलं.

आणि आत्या आल्या. खणखणीत, जशाच्या तशा, जणू पहिल्या रांगेतून उठून उभ्या राहिल्या. नवऱ्या मुलाची आई इकडेतिकडे बघायला लागली, कोण म्हणतंय म्हणून. नलूची मान वर झाली. एक कडवं, दुसरं, तिसरं. सेल दमत होते, आत्या जागच्या जागी होत्या. इंजिनीअर म्हणून माझ्या आयुष्यातली ती दोन मिनिटं, त्यांच्यासाठी मी पाटीवर लिहिलेलं सगळं कबूल करायला तयार होतो.

पण रेडिओनं थोडा रस पिऊन टाकला होता. शेवटच्या कडव्याला आवाज जाड व्हायला लागला. गंगेच्या तटी आत्या पुरुष झाल्या. मंडपी येईपर्यंत आत्या घशात घोंगडी घातलेले सुभेदार झाले. पट्टी एकदा थरथरली आणि थांबली. शेवटची ओळ राहिली.

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर मी ती उचलून तोंड लपवलं असतं. लोकांच्या मुठीत अक्षता. भटजी माझ्याकडे बघतायत. मी मशीन हलवतोय, थापट्या मारतोय. आणि अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला. बारीक, पहिल्यांदा कापरा, मग आत्यांच्याच चालीत, आत्यांच्याच सुरात:

"माझेही मन धावते तुजकडे, कुर्यात् सदा मंगलम्."

नवरी स्वतःच्या लग्नात मंगलाष्टक म्हणते हे भटजींनी कधी पाहिलं नव्हतं. ते सावधान म्हणायला विसरले. मग बापटसाहेब म्हणाले, "सावधान," आणि अक्षता अशा पडल्या की माझ्या ॲम्प्लिफायरमधून पुढे महिनाभर तांदूळ निघत होते. टॅक्सीवाल्यानं दोन्ही मुठी भरभरून टाकल्या. नंतर तो पंगतीला बसला आणि श्रीखंड तीनदा घेतलं, जिंकल्याचा आनंद म्हणून.

नवरा मुलगा मात्र लाल झाला होता. त्याला वाटलं, ती ओळ त्याला उद्देशून होती. त्याला आजही तसंच वाटतं. हा अंक पुण्याला जातो, तेव्हा वाचणाऱ्यांनी कृपा करून गप्प बसावं.

दुसऱ्या दिवशी मी विजेवरचं मशीन आणि आत्यांना दाखवायला ते सहा मेलेले सेल घेऊन डमडमला गेलो. वीज होती, हेही एक आश्चर्यच. आत्यांचा घसा थोडा सुटला होता. मी टेप लावली. त्यांनी स्वतःला गाताना ऐकलं. स्वतःचा सुभेदार झालेलाही ऐकला, तेव्हा माझ्याकडे एकदाच बघितलं. मग ती शांतता आली, माझ्या थापट्या आल्या, आणि नलूची ओळ आली.

आत्या छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "परत लाव."

मी परत लावली. या वेळी त्यांची बोटं चादरीवर हलत होती, शाळेत मुलींच्या कवितांतली अक्षरं मोजतात तशी.

"शब्द बदलले कार्टीनं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "वृत्तात बसवलेत पण."

मालतीमाशी दाराशी डोळे पुसत होती, तिला अजूनही काही कळलं नव्हतं. मी मशीन आवरलं आणि ते सहा मेलेले सेल उचलून खिशात घालायला लागलो, वाटेत कुठेतरी टाकून देऊ म्हणून.

"ते कुठे नेतोस?"

"टाकायला. संपले, आत्या."

आत्यांनी खिडकीकडे बोट केलं. तिथे ऊन आलं होतं.

"ठेव तिथे, इंजिनीअर. बारशाला लागतील."